प्रवाळ खडकांच्या गावात पाहणी करताना

किनाऱ्यावरचं गाव प्रवाळ खडकांवर कसं जगतं, याची मी पाहणी करते. माझ्या पहिल्या पाहणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'घरात मासेमारी कोण करतं?' घरमालक म्हणाले, 'मी आणि मुलगा.' मी तसंच लिहून घेतलं. निघता निघता त्यांची पत्नी खडकावरून परतली. टोपलीत शिंपले होते आणि एक ऑक्टोपस. तिला विचारलं, तर म्हणाली, 'ही कुठली मासेमारी? हे तर नुसतं वेचणं.'

त्या दिवसापासून तो प्रश्न मी काढून टाकला. आता विचारते, 'गेल्या आठवड्यात खडकावरून घरात काय काय आलं, आणि कोणी आणलं?' पुरुषांशी आणि बायकांशी वेगवेगळं बोला, शक्यतो बाईशी बाईनेच. मुलंही वेचतात, त्यांना विसरू नका.

पण प्रश्नांच्याही आधी ओहोटीचं वेळापत्रक मिळवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, प्रवाळाचा उथळ पट्टा उघडा पडतो आणि वेचणारे सगळे तिकडे असतात. त्या वेळी दारं ठोठावलीत तर खडकावर न जाणारेच भेटतील, आणि तुमचा अहवाल सांगेल की गावाला प्रवाळाची फारशी गरज नाही. म्हणून घरोघरच्या मुलाखती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी फारसं मागे हटत नाही तेव्हा, घ्या. उधाणाच्या दिवसांत त्यांच्याबरोबर खडकावर चाला, माणसं मोजा, काय वेचतात ते पाहा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका.

घरं निवडताना पूर्ण यादी करून ठरावीक अंतराने घर घ्या, उदाहरणार्थ दर पाचवं. घर बंद असेल तर शेजारचं घेऊ नका, पुन्हा जा. बंद घरातली माणसं बहुधा समुद्रावर असतात आणि तीच तुम्हाला हवी आहेत. 'ग्लोबल कोरल रीफ मॉनिटरिंग नेटवर्क' या प्रवाळ खडकांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २००० साली सामाजिक-आर्थिक पाहणीसाठी मार्गदर्शिका काढली होती. प्रश्नांचा सांगाडा तिच्यातून घ्यायला हरकत नाही, पण तो आधी पाच-सहा घरांत वापरून बघाच.

'साधारण किती मासे मिळतात?' या प्रश्नाला माणसं चांगला दिवस आठवून उत्तर देतात. 'शेवटचं कधी गेला होता? त्या दिवशी काय मिळालं?' असं विचारा. किलोत विचारू नका, त्यांच्या टोपलीत विचारा आणि चार-पाच भरलेल्या टोपल्या स्वतः वजन करून घ्या. माशांच्या नावांसाठी फोटो न्या. पोपटमासा वाढताना रंग बदलतो, काही माद्या पुढे नर होतात, त्यामुळे एकाच जातीला दोन नावं असू शकतात. दोन्ही रंगांचे फोटो ठेवा.

नकाशा त्यांच्या हातून काढून घ्या: कुठे जाळं, कुठे गळ, कुठे पायी, कोणत्या महिन्यात. इथे मात्र फार जपा. हेकरू (ग्रूपर) मासे अंडी घालायला ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत गोळा होतात. नकाशावरचा तो ठिपका बाहेर फुटला तर ती जागा उपसली जाईल. नकाशावरचं काय पुसायचं ते त्यांनाच विचारा आणि पुसा.

मासे पकडायला सुरुंग किंवा सायनाइडचं विष वापरता का, असं कुणाला तोंडावर विचारू नका. 'या भागात कोणकोणत्या पद्धती चालतात?' एवढं पुरे. फॉर्मवर नाव नको, नुसता क्रमांक.

नियमांबद्दल विचारताना 'नियम माहीत आहेत का?' यावर थांबलात तर सगळे 'हो' म्हणतील. नियम कोणी केला, राखण कोण करतं, मोडला तर काय होतं, आणि ठरवण्याच्या बैठकीला कोण नव्हतं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. मासेमारीबंदीचा पट्टा अनेकदा किनाऱ्याजवळ आखला जातो. होडीवाला त्याच्या पलीकडे जातो, पायी वेचणारीला दुसरी जागाच नसते.

मग विचारा: मिळकत निम्मी झाली तर काय कराल? कुणी म्हणेल सोडून देईन, कुणी म्हणेल जास्त वेळ जाईन. त्याच्यापुढे 'का?' विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. होडीचं कर्ज, दुसरं काम नसणं, हे तिथेच कळतं.

अहवाल लिहिण्याआधी आकडे आणि नकाशा गावात परत न्या, मोठ्या कागदावर, चित्रांत. चुका तिथेच सापडतात. एकदा एका आजींनी माझ्या नकाशातली वेचणीची हद्द बोटाने बरीच आत सरकवली, आणि बाजूच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. या फेरीसाठी दोन दिवस सुरुवातीलाच राखून ठेवा, तेही भांगाचे.