पासबुकातला आकडा रिटर्नमध्ये उचलू नका

"ताई, बँकेने टीडीएस कापलाय ना? मग आता दाखवायचं काय राहिलं?" जुलैत आयकर रिटर्न भरायची वेळ आली की धाकट्या भावाचा हा फोन ठरलेला. टीडीएस म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापून घेतलेला कर. मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढली, त्यामुळे घरादाराची रिटर्न्स माझ्याच गळ्यात.

त्याचीच एफडी घ्या. आठ लाख, ७ टक्के, व्याज दर तिमाहीला. तिमाहीचं व्याज होतं १४,०००. बँक १० टक्के कापून १२,६०० जमा करते. पासबुकाची बेरीज करून त्याने लिहिलं ५०,४००. चूक. लिहायचे ५६,०००, आणि कापलेले ५,६०० टीडीएसच्या रकान्यात. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणजे या व्याजावर सेस (करावरचा उपकर) धरून कर १७,४७२. बँकेने त्यातला तिसरा हिस्साही कापलेला नाही. उरलेले ११,८७२ त्यालाच भरायचे. टीडीएस हा आगाऊ हप्ता आहे, सुटकेची पावती नव्हे, हे त्याला मी दरवर्षी सांगते.

म्हणून पोर्टल उघडायच्या आधी कागद जमवा. प्रत्येक बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट नेटबँकिंगमधून काढा. बंद केलेली, विसरलेली खातीही आठवा. मग आयकर पोर्टलवरून २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (तुमच्या उत्पन्नाची आयकर खात्याकडची यादी) उतरवून घ्या आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ ताडा. एआयएसमध्ये आहे पण तुमचं नाही, असंही निघतं. आमच्या आईचे पैसे असलेल्या जोडखात्याचं व्याज भावाच्या पॅनवर दिसलं, कारण खात्यावर पहिलं नाव त्याचं. अशा वेळी त्या ओळीवरच 'फीडबॅक' देता येतो. उलटही होतं: पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज कित्येकदा तिथे दिसतच नाही. दिसत नाही म्हणून ते माफ होत नाही.

मुदतीअंती एकदम व्याज देणारी एफडी असेल तर आणखी जपून. पैसे पाच वर्षांनी मिळणार असले तरी बँक टीडीएस दरवर्षी कापते. व्याजही दरवर्षी दाखवत गेलात तर मेळ बसतो. शेवटच्या वर्षी सगळं एकदम दाखवायला गेलात तर जुन्या वर्षांचा टीडीएस जुळवताना डोकं धरून बसाल.

आता रकाने. 'इतर स्रोत' खाली बचत खात्याचं व्याज वेगळं, ठेवींचं वेगळं. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर १०,००० पर्यंत वजावट मिळते, पण आधी पूर्ण व्याज दाखवायचं, मग वजावट मागायची. गेल्या वर्षीच्या रिफंडवर आयकर खात्याने दिलेलं व्याजही इथेच येतं. मी स्वतः एका वर्षी ते विसरले होते. बँकेतली बाई असून!

डिव्हिडंड, म्हणजे शेअर्सवरचा लाभांश, एप्रिल २०२० पासून आपल्या हातात करपात्र झाला. तो तारखांनुसार पाच तुकड्यांत विचारतात: १५ जूनपर्यंतचा, मग १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि ३१ मार्चपर्यंतचा. हा छळ वाटतो, पण ॲडव्हान्स टॅक्स (वर्षभरात हप्त्यांनी आधीच भरायचा कर) उशिरा भरल्याचं व्याज त्यावरूनच मोजतात.

घरभाड्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी वजा करा, उरलेल्याच्या ३० टक्के सूट सरसकट मिळते. रंगकामाच्या पावत्या फायलीत लावून ठेवणाऱ्या शेजारच्या काकांना हे पटत नाही, पण त्या पावत्यांचा इथे काही उपयोग नाही. पीपीएफचं व्याज करमुक्त आहे. तरी करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात ते लिहा.

पगार, एक घर, व्याज, डिव्हिडंड एवढंच असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर 'सहज', म्हणजे आयटीआर-१ पुरतो. वहिनी शिकवण्या घेते, तिची फी मात्र 'इतर स्रोता'त ढकलायची नाही; तो व्यवसाय, त्याला आयटीआर-३ किंवा ४.

फॉर्ममध्ये आधीच भरून आलेले आकडे आपल्या पेन्सिलीच्या यादीशी पुन्हा ताडा, निघणारा कर भरा, आणि पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री द्या. भावाचा ओटीपी मी फोनवरच मागून घेते, नाहीतर तो तेही पुढच्या जुलैवर टाकेल.