ट्रायलचा कुत्रा: खाऊ आणि झटक्याच्या या चुका टाळा

दर रविवारी मैदानावर तेच. हातात चिकनचा तुकडा, कुत्र्याचं नाक त्याला चिकटलेलं आणि मालक खूश: "बघा, हील किती मस्त करतो!" हील म्हणजे मालकाच्या पायाशी लागून चालणं. अहो, तो चिकनमागे चालतोय. आयजीपी ही कामाच्या कुत्र्यांची परीक्षा, तिची स्पर्धा म्हणजे ट्रायल. तिच्यातल्या ओबिडियन्सला, म्हणजे आज्ञापालनाच्या भागाला, पास व्हायला 100 पैकी 70 गुण लागतात. तिथे पट्टा नसतो आणि खिशात बॉलही चालत नाही. मी खाऊचा डबा मैदानाच्या कडेला ठेवतो. काम झालं की दोघं पळत डब्याकडे.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, म्हणून तिच्यावर राग जास्त. माझा जर्मन शेफर्ड 650 ग्रॅमचं लाकडी डंबेल (फेकलं की कुत्र्याने तोंडात धरून आणायचा दांडा) आणताना करकर चावायचा. चावलं की गुण जातात. ट्रायलला सहा आठवडे उरलेले, मला घाई. चावलं की चोक चेनला, म्हणजे ओढली की मान आवळणाऱ्या साखळीला, झटका. आठवड्यात चावणं बंद! मग एका सकाळी डंबेल फेकलं, तो सुसाट गेला, उचलून वळला आणि माझ्यापासून तीन पावलांवर थांबला. कान मागे, डंबेल हळूच जमिनीवर. ओठ चाटत भलतीकडे बघत उभा. चावण्याचा आणि झटक्याचा संबंध त्याने लावलाच नव्हता. डंबेल घेऊन मालकाजवळ गेलं की मान आवळते, एवढंच तो शिकला होता. ट्रायल सोडली. पुन्हा श्रीगणेशा: फेकणं बंद, समोर बसवून डंबेल तोंडात, जबडा सेकंदभर शांत राहिला की "दे" आणि खाऊ. एकाचे दोन सेकंद, दोनाचे पाच. साडेतीन महिने गेले त्यात.

मग झटका कधीच नाही? देतो की. पण तीन वेगळ्या जागी तेच काम बिनचूक करून दाखवलेल्या कुत्र्यालाच, तोही एकदाच. लगेच तेच काम पुन्हा करून घ्यायचं आणि बक्षीस द्यायचं. पाच महिन्यांच्या पिल्लाला काट्यांची कॉलर घालून आणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. चहा प्यायला जातो.

"बस, बस, अरे बस ना!" म्हणाल तर तो तिसऱ्या हाकेलाच बसायला शिकेल.

बोलावल्यावर उशिरा आला म्हणून ओरडू नका, आलाय ना! पुढच्या वेळी लांब दोरी लावूनच सोडा.