तलावकाठच्या खानावळीत मासोळी खायला जाताना

विदर्भात धरणाच्या किंवा तलावाच्या काठावरच्या खानावळीत दुपारी दीडला टेकायचं आणि "काय काय आहे?" असं विचारायचं, म्हणजे दुसऱ्यांनी सोडलेलंच आपल्या ताटात येणार. इथला हिशोब सकाळीच होऊन जातो. ढिवर, म्हणजे इथले मासेमार, पहाटे जाळी ओढतात, आठच्या सुमारास काठावर वजनकाटा लागतो, मोठा माल व्यापाऱ्याच्या गाडीत जातो आणि खानावळवाला आपल्यापुरती पाच-सात किलो उचलतो. गोंदियाकडचं इटियाडोह असो, सावलीजवळचा आसोलामेंढा असो, मोर्शीकडचं अप्पर वर्धा असो की गावचा एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव, क्रम थोड्याफार फरकाने हाच. त्यामुळे फोन नऊच्या आत गेला पाहिजे.

फोनवर बोलणं फार लांबवायचं नाही, पण नेमकं बोलायचं.

"मावशी, आज कोणती मासोळी आली?"
"रोहू हाय, कटला हाय. मरळ दोनच हायेत जी."
"रोहू केवढी?"
"दोन किलोची हाय एक."
"तीच ठेवा. आम्ही पाच जण, साडेबाराला पोचतो. आल्यावर कापा."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. अख्खी मासोळी बघून ताजी-शिळी ओळखता येते. तुकडे करून मसाला फासला की भल्याभल्यांना ओळखता येत नाही. प्रमाण असं धरा: नुसता रस्सा असेल तर माणशी २५० ते ३०० ग्रॅम कच्चं वजन, रस्सा आणि फ्राय दोन्ही हवं असेल तर ४०० ग्रॅम. एक किलोची रोहू खवले, कल्ले आणि पोट काढल्यावर मुंडक्यासकट पाऊण किलोच्या आसपास भरते. कटल्याचं मुंडकंच मोठं, म्हणून त्यात तुकडे कमी निघतात.

जायचा दिवसही बघावा. श्रावणात आणि नवरात्रात बऱ्याच खानावळी चूलच पेटवत नाहीत, सोमवार-गुरुवार-शनिवारी गिऱ्हाईक कमी म्हणून माल कमी. उलट आखाडाचा शेवट आणि पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, या दिवशी इतकी झुंबड असते की कालची, परवाची, बर्फातली, सगळीच मासोळी खपते. त्या दिवशी घरीच बरं. कुटुंब घेऊन जायचं तर दुपारीच जा; संध्याकाळनंतर काठावरच्या बहुतेक खानावळींचा रंग बदलतो.

कोणती मागायची

रोहू दीड किलोच्या वरचीच घ्या. अर्धा किलोच्या रोहूत काटे तेवढेच असतात, फक्त केसासारखे बारीक, आणि तेच घशात जातात. मृगळ चवीला गोड, पण काट्यांनी भरलेली. सराव नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. कटला मुंडक्यासाठी घ्यायचा. दोन-अडीच किलोच्या कटल्याचं मुंडकं उभं चिरून रश्श्यात टाकलं की त्या रश्श्याला जो दाटपणा येतो तो खोबऱ्याने येत नाही.

मरळ मिळाली तर सोडू नका. मधला काटा आणि पोटाच्या फासळ्या सोडल्या तर तिच्या मांसात बारीक काटे नसतात, मांस घट्ट, रश्श्यात फुटत नाही. ती हवेतून श्वास घेते म्हणून झाकणाच्या बादलीत थोड्या पाण्यातही तासन्‌तास जिवंत राहते. यातच तिची परीक्षा आहे: मरळ मेलेली दाखवली तर ती सकाळची नव्हे असं समजा. शिंगी आणि देशी मांगूर यांचंही तेच, जिवंतच घ्यायच्या. मांगूर मात्र नीट बघून. देशी मांगूर पाव किलोच्या आतबाहेर असते. किलो-सव्वा किलोची दिसली तर ती बहुधा आफ्रिकन, म्हणजे बाजारात जिला थाई मांगूर म्हणतात ती. तिच्या पालनावर आणि विक्रीवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. हॉटेलवाला कितीही गोड बोलला तरी घेऊ नका.

"बिनकाट्याची मच्छी" अशी पाटी दिसली तर ती पंगास असते, तळ्यात पोसलेली, मऊ आणि चवीला जवळपास काहीच नाही. "पापलेट" म्हणून चपटी, लालसर पोटाची मासोळी आली तर ती रूपचंद. तोंड उघडून बघा, माणसासारखे दात दिसतील. खायला वाईट नाही, पण पापलेटचा भाव देऊ नये. खरं पापलेट, सुरमई, बांगडा हे सगळं समुद्राचं. विदर्भातल्या खेड्यात पोचेपर्यंत ते आठशे-हजार किलोमीटर बर्फात फिरून आलेलं असतं. काठावर बसून, समोर पाणी दिसत असताना सुरमई मागणाऱ्याला काय म्हणावं! समुद्रातलं खायचंच असेल तर आठवडी बाजारातले सुके बोंबील आणि सोडे घरी आणून करावेत, ते इथे उत्तम मिळतात.

झिंगे, म्हणजे कोळंबी, पावसाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्यात चांगले. गोड्या पाण्यातले झिंगे लहान असतात, टरफलासकट करतात, पण पाठीतली काळी दोरी काढलेली आहे का ते विचारा. नाही तर दाताखाली रेती येते.

कापण्याआधी आणि कापताना

मासोळी समोर आली की कल्ला उचलून बघा. लाल-ओला असला पाहिजे; तपकिरी किंवा चिकट असेल तर नको. कल्ल्यावरून बोट फिरवा, बोटाला रंग लागला तर तो रक्ताचा नसून डब्यातलाही असू शकतो. डोळा फुगीर आणि स्वच्छ. पाठीवर अंगठा दाबला की खड्डा लगेच भरून यावा. पोट फुटलेलं किंवा लिबलिबीत असेल तर बाकी काही बघायची गरजच नाही. पाणी कुठलं तेही विचारा. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत उतरतं, त्यामुळे गोसीखुर्द धरणाच्या फुगाऱ्यातली मासोळी आणि आतल्या एखाद्या स्वच्छ तलावातली मासोळी यांच्यात फरक राहणारच.

कापणारी बाई हाताला राख लावून बसली असेल तर खुर्ची तिच्याजवळ ओढा. राखेमुळे मरळ हातातून निसटत नाही. खवले शेपटीकडून मुंडक्याकडे खरवडले जातात, मग पावशीवर (विळीवर) पोट चिरून आतलं सगळं एका ओढीत बाहेर येतं. त्यात काळजाला चिकटलेली हिरवट पिशवी असते, ते पित्त. ती फुटली तर आजूबाजूचं मांस पिवळं-हिरवं होतं आणि कितीही धुतलं तरी कडूच लागतं. तेवढा भाग कापून टाकायला सांगा. रोहू-कटल्याचं पित्त दम्यावर नाही तर साखरेवर औषध म्हणून गिळणारे लोक अजून भेटतात. त्याने मूत्रपिंड निकामी होऊन माणूस दवाखान्यात जातो, म्हणून तो प्रकार कुणी केला तर अडवा.

पोटाच्या आतून एक काळपट पापुद्रा असतो. तो बोटाने खरवडून काढला नाही तर रश्श्याला गढूळ वास येतो. तलावातल्या मासोळीचा "चिखलाचा" वास म्हणतात त्याचं मूळ मात्र वेगळं. साचलेल्या कोमट पाण्यात नीलहरित शैवाल आणि काही जिवाणू जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते मासोळीच्या चरबीत आणि कातडीत मुरतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी आटलं की वास वाढतो, आणि चरबीवाल्या भागात जास्त येतो. आंबटाने ते मोडतं. किलोला दोन चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि एका लिंबाचा रस किंवा चिंचेचं पाणी चोळून वीस मिनिटं ठेवायला सांगा, मग धुऊन घ्यायचं. हे न करता नुसता मसाला वाढवला तर वास दबत नाही, उलट वर तरंगतो.

रस्सा कसा सांगायचा

या खानावळींचा मोठा दोष म्हणजे सकाळी केलेला मटणाचा रस्सा. भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस, दगडफूल, वर बोटभर तर्री, म्हणजे तिखट तेलाचा तवंग. मटणाला तो शोभतो. तोच पातेल्यातून घेऊन त्यात मासोळीचे तुकडे सोडले की खाणाऱ्याला फक्त तिखट लागतं. आधीच सांगा: रस्सा वेगळा करा, खोबरं अर्धं, खसखस नको, लसूण-जिरं जास्त, आंबट चिंचेचं किंवा अंबाडीचं, तर्री बेताची. रस्सा उकळल्यावरच तुकडे टाकायचे आणि त्यानंतर पळी घालायची नाही, पातेलंच धरून हलवायचं. दहा-बारा मिनिटं पुरतात. झाकण ठेवून पाऊण तास उकळला तर रोहूचा भुगा होतो आणि काटे रश्श्यात सुटतात, म्हणजे जेवणाची मजाच गेली. उतरवल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर.

फ्रायसाठी तुकडा बोटाच्या जाडीचा, दीड-दोन सेंटिमीटर. मध्यम आचेवर तव्यावर एका बाजूला तीन-चार मिनिटं. बाहेर करपलेला आणि मधल्या काट्याशी गुलाबी असेल तर परत पाठवा. गोड्या पाण्यातली मासोळी अर्धीकच्ची खाऊ नये, तिच्यात कृमी असू शकतात. तांदळाचं पीठ आणि थोडं बेसन लावलेला तुकडा कुरकुरीत राहतो. केशरी रंगाचं जाड आवरण दिसलं तर आत काय आहे हे लपवायचं असतं. कढईतलं तेल काळं आणि फेसाळ असेल तर फ्रायचा नाद सोडून रस्साच मागा.

कापण्यापासून ताटापर्यंत पाऊण ते एक तास जातो. तेवढ्यात बारीक मासोळ्या कडक तळून मागवा, त्या मुंडक्यासकट खाता येतात.

काटे

रोहू, कटला, मृगळ यांच्या पाठीत आणि शेपटीकडच्या भागात दोन फाटे फुटलेले सुटे काटे असतात, ते मधल्या काट्याला जोडलेले नसतात. म्हणून मधला काटा ओढला तरी ते मांसातच राहतात. पोटाच्या तुकड्यात फक्त फासळ्यांचे मोठे काटे असतात, ते हाताला लागतात. तेव्हा मुलांना आणि म्हाताऱ्यांना पोटाचेच तुकडे वाढायला सांगा, किंवा मरळ. शेपटीचा तुकडा सराईताने घ्यावा.

जेवताना चमचा बाजूला ठेवा. तुकडा बोटांनी धाग्याच्या दिशेने सोडवायचा, काटे ताटाच्या कडेला लावायचे, मग भात कालवायचा. भातात मासोळी कुस्करून कालवली की काटा शोधता येत नाही. पूर्व विदर्भात भातच मिळतो आणि तोच बरा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी तांदूळ असेल तर रस्सा छान शोषतो. पश्चिम विदर्भात ज्वारीची भाकर येईल, तिच्यासोबत रस्सा थोडा घट्ट सांगावा. ताक-मठ्ठा मागू नका. मासोळीवर ताक म्हटलं की मावशी तुमच्याकडे बघतच राहतील.

काटा अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायचा सल्ला चारी बाजूंनी येईल. ऐकू नका, त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. थोडं खोकून, पाणी पिऊन बघा. टोचणं थांबलं नाही, थुंकीत रक्त आलं किंवा गिळता येईना, तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे.

पैसे आणि पार्सल

भाव दोन तऱ्हेने लागतो: कच्च्या वजनावर किंवा साफ केल्यावरच्या वजनावर. दोन्हींत चांगलाच फरक पडतो, म्हणून वजनकाट्यावर ठेवण्याआधीच विचारा. "बनवून मिळेल" अशी पाटी असेल तिथे मासोळी तुम्ही काठावरून आणायची आणि किलोमागे बनवण्याचे पैसे द्यायचे. मसाला आणि तेल त्यात धरलं आहे का, भात-भाकर वेगळी का, हे स्पष्ट करून घ्या. मुंडकं तुमचंच असतं, मागितलं नाही तर स्वयंपाकघरातच राहतं.

रस्सा घरी न्यायचा असेल तर स्टीलचा डबा सोबत ठेवा, उकळता रस्सा पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, घेऊ नका. उन्हाळ्यात दोन तासांच्या आत घर गाठून पुन्हा एक उकळी काढायची. फ्राय मात्र पार्सल नेऊ नये, वाटेतच वाफेने लिबलिबीत होते. त्यापेक्षा मसाला लावलेले कच्चे तुकडे बर्फावर ठेवून मागा आणि तवा घरी तापवा.