पिळाचा प्रकाश आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन: या चुका टाळा

प्रकाशाजवळ दोन तऱ्हेचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग असतो. वर्तुळाकार ध्रुवणातून स्पिनचा, फोटॉनमागे एक एच-बार (कोनीय संवेगाचं क्वांटम एकक). तरंगमुखाच्या पिळातून कक्षीय, एल गुणिले एच-बार; एल म्हणजे पिळाचा आकडा. हा हिशेब १९९२ मध्ये लायडनमध्ये ॲलन आणि सहकाऱ्यांनी मांडला. तो वाचला की नवी मुलं ठरवूनच टाकतात: एल ५ केला की इलेक्ट्रॉनला मिळणारा स्पिन पाचपट!

तसं होत नाही. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहक स्फटिकावर १० मायक्रॉन व्यासाचं प्रकाशाचं कडं पडलं आहे असं धरा. परीघ ३१ मायक्रॉन, स्फटिकाचं एक घर ०.५६५ नॅनोमीटर. एल १ असेल तर कड्याच्या एका फेरीत तरंगाची कला ३६० अंश फिरते, आणि त्यापैकी त्या घराच्या वाट्याला अंशाचा शंभरावा भागही येत नाही. प्रकाश शोषून वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी मारणाऱ्या इलेक्ट्रॉनला तिथे फक्त ध्रुवण जाणवतं. पीळ उतरतो तो कड्याभोवतीच्या त्याच्या एकंदर गतीत. २०१३ मध्ये गॅलियम आर्सेनाइडमधून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनवर हे मोजलं गेलं. ±५ एच-बारपर्यंतच्या पिळाला स्पिन ध्रुवण (स्पिन एकाच दिशेला किती झुकले ते) मोजमापाच्या मर्यादेत शून्यच निघालं, असलंच तर फार तर ३ टक्के. पीळ नसलेल्या वर्तुळाकार प्रकाशाने ते ३२ टक्के होतं.

तरीही आमच्याकडे एक विद्यार्थी तीन आठवड्यांचा डेटा घेऊन आला. पीळ उलटवला की केर सिग्नलही (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणातून कळणारा इलेक्ट्रॉनचा स्पिन) उलटत होता, आलेख देखणा होता. मी आधी टेबल बघितलं. क्यू-प्लेटनंतरचा (प्रकाशाला पीळ देणाऱ्या चकतीनंतरचा), ध्रुवण रेषीय करणारा पोलरायझर जागेवर नव्हता. "अर्धी पॉवर जाते मॅडम, म्हणून काढला." क्यू-प्लेटमध्ये पीळ उलटवायचा तर आत जाणारं ध्रुवण उलटवावं लागतं, आणि बाहेर पडणारंही उलटतं. तो तीन आठवडे साधा स्पिनच मोजत होता. पोलरायझर बसवला, लेझरची पॉवर दुप्पट केली, तर दोन्ही रेघा शून्यावर येऊन एकमेकींवर बसल्या. पोरगा रडवेला झाला. अर्ध्या पॉवरसाठी असा शॉर्टकट मारू नका, मला खरंच वाईट वाटतं.

प्रत्येक आरसा पिळाची दिशा उलटवतो. आरसे मोजत बसण्यापेक्षा मी शेवटच्या आरशानंतर सपाट तरंगाशी व्यतिकरण करून पट्ट्यांच्या नक्षीत दिसणाऱ्या काट्याचं (फोर्कचं) तोंड कुठे आहे ते बघते, त्यावरून पिळाची दिशा कळते, रोज सकाळी.

ध्रुवण बदलणाऱ्या वेव्हप्लेटनंतर ४५ अंशात आरसा ठेवू नका, ध्रुवण बिघडतं.

हाताशी आहे म्हणून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर लावू नका. २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टला खालच्या स्प्लिट-ऑफ ऊर्जापट्ट्यातले इलेक्ट्रॉनही उत्तेजित होतात आणि स्पिन पुसट होतो. पट्ट्याच्या काठाजवळच, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर न्यायला जेमतेम पुरेल एवढ्याच ऊर्जेच्या प्रकाशाजवळ राहा.