तपकिरी भुकटीचे वर्ष: समुद्रशैवालातील बहुशर्करांवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

समुद्रशैवालातील बहुशर्करांवर, म्हणजे साखरेच्या अनेक रेणूंच्या लांब साखळ्यांवर, पीएच.डी.साठी नोंदणी केल्यानंतरचे माझे पहिले वर्ष चुकीच्या प्रश्नामागे गेले. रत्नागिरीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावरून आणलेल्या सरगॅसम या तपकिरी शैवालाचा गरम पाण्यात अर्क काढायचा, त्यात अल्कोहोल ओतून साका खाली बसवायचा, तो वाळवून भुकटी करायची आणि मग ती ऑक्सिडीकरण रोखते का, जंतू मारते का, पेशींवर काय परिणाम करते, हे एकामागून एक तपासत सुटायचे, असा माझा क्रम होता. या भुकटीला मी फ्युकॉयडन, म्हणजे तपकिरी शैवालातली सल्फेटयुक्त बहुशर्करा, समजत होतो. आकडे उत्तम येत होते. प्रगती अहवालाच्या बैठकीत एका ज्येष्ठ परीक्षकांनी भुकटीची बाटली उजेडात धरली आणि विचारले, "यात सल्फेट किती टक्के आहे? आणि फ्युकॉयडन पांढरट असते, मग हे चहाच्या पुडीसारखे का दिसते?" माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते.

शैवालाच्या तीन गटांत वेगवेगळ्या शर्करा असतात, एवढे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण त्यांची रचना हाताशी असल्याशिवाय पुढचे काम आंधळे होते. तपकिरी शैवालात अल्जिनेट असते, म्हणजे मॅन्युरोनिक आणि ग्युल्युरोनिक या दोन आम्लांची साखळी. त्यातले ग्युल्युरोनिकचे सलग तुकडे कॅल्शियमला अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे धरतात, म्हणून जेल बनते. त्याच शैवालात फ्युकॉयडनही असते, ज्याची मुख्य शर्करा सल्फेट लागलेली एल-फ्युकोज ही आहे. लाल शैवालातल्या कॅराजीननची साखळी गॅलॅक्टोजची असते आणि तिथे एका सल्फेटने किती फरक पडतो ते स्पष्ट दिसते: दर दोन शर्करांमागे साधारण एक सल्फेट असलेले कॅप्पा पोटॅशियमबरोबर कडक, ठिसूळ जेल देते, दोन सल्फेटचे आयोटा कॅल्शियमबरोबर लवचीक जेल देते, तीनचे लॅम्डा जेल देतच नाही, नुसते पाणी दाट करते. उल्वा या हिरव्या शैवालातल्या उल्व्हानमध्ये सल्फेटयुक्त ऱ्हॅम्नोजबरोबर ग्लुक्युरोनिक आणि इड्युरोनिक आम्ले असतात.

नमुने गोळा करण्याबद्दल थोडक्यात सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीचे वेळापत्रक पाहून जावे आणि प्रत्येक खेपेला एक झाड दाबून, वाळवून, तारीख-ठिकाणासह जपून ठेवावे, कारण ऋतू बदलला की त्याच प्रजातीतील शर्करांचे प्रमाण बदलते. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय काहीही उचलू नये.

खरा वेळ शुद्धीकरणात घालवावा. वाळलेले शैवाल आधी अ‍ॅसिटोन किंवा मिथेनॉलमध्ये वारंवार ढवळून हिरवे-पिवळे रंग आणि चरबी काढावी. ही पायरी मी दोनदा करून सोडून दिली होती, ती द्रावक रंगहीन निघेपर्यंत करायची असते. त्यानंतर अर्क काढून त्यात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण थेंबथेंब सोडले की अल्जिनेट डोळ्यांदेखत गोठते. बीकरमध्ये आधी धूसर पडदा येतो, मग शेवयांसारखे धागे तरंगू लागतात आणि काचेच्या कांडीला चिकटून वर येतात. ते धागे वेगळे करून उरलेल्या द्रावणातून फ्युकॉयडन मिळवायचे असते. माझ्या पहिल्या वर्षाच्या भुकटीत हे अल्जिनेट तसेच राहिले होते आणि त्याबरोबर फ्लोरोटॅनिन नावाची पॉलिफेनॉलेही. रंग त्यांचाच होता. पुढे डायलिसिस करून (पडद्यातून लहान रेणू बाहेर काढून), ऋणभारित रेणू धरून ठेवणाऱ्या डीईएई सेल्युलोजच्या स्तंभावर मिठाची मात्रा वाढवत नेऊन जो अंश मिळाला, तो गोठवून सुकवल्यावर कापसासारखा निघाला.

रचना ओळखताना एकाच यंत्रावर भिस्त ठेवू नये. अवरक्त वर्णपटात १२४० ते १२६० दर सेंटिमीटरच्या पट्ट्यात सल्फेट दिसते आणि कॅराजीननमध्ये ८४५ व ९३० जवळच्या खुणा उपयोगी पडतात, मात्र त्यावरून साखळीतल्या जोडण्या कळत नाहीत. त्यासाठी मिथिलीकरण (साखळीतल्या मोकळ्या जागांवर मिथिल गट लावून जोडण्या ओळखणे) आणि एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या संकेतांवरून रचना वाचणे) लागते. द्रावण घट्ट असल्याने साध्या तापमानाला एनएमआरच्या रेषा पसरट येतात. नळी सत्तर अंशांच्या आसपास तापवून मोजणी करावी, असे मला तंत्रज्ञांनी सांगेपर्यंत मी यंत्रालाच दोष देत होतो. एकूण शर्करा मोजण्याच्या फेनॉल-सल्फ्युरिक पद्धतीत तुलनेचे मानक म्हणून ग्लुकोज वापरून फ्युकोजचे प्रमाण सांगणेही तितकेच फसवे आहे. आकारमानानुसार रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभावर रेणुभार काढताना पुल्युलान किंवा डेक्स्ट्रानशी तुलना करतात, पण ते विद्युतभारहीन असतात आणि आपला नमुना भारित असतो, त्यामुळे मिळणारा आकडा 'आभासी' आहे असे स्पष्ट लिहावे.

जैविक क्रियाशीलतेकडे यानंतर वळावे, आणि तिथे संशय सोबत ठेवावा. ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीत माझ्या तपकिरी भुकटीने जो पराक्रम गाजवला होता, तो शुद्ध अंशात जवळजवळ नाहीसा झाला. तो फ्लोरोटॅनिनांचा होता. रोगप्रतिकारक पेशी चेतवल्या जातात असे दिसले, तर या पेशींना स्वतःच चेतवणाऱ्या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिन या द्रव्याचा अंश नमुन्यात नाही ना, हे आधी पाहावे. त्यासाठी हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तातून मिळणाऱ्या द्रव्याची चाचणी वापरतात, पण तीही तपकिरी शैवालातल्या लॅमिनारान या बीटा-ग्लुकानला प्रतिसाद देऊ शकते, म्हणून ग्लुकान-प्रतिसाद रोखणारे द्रव्य मागवावे. शैवालाची शर्करा म्हणजे दाह शमवणारी, असेही गृहीत धरू नये: उंदराच्या पंजाला सूज आणून औषधे तपासण्याची १९६२ पासूनची प्रचलित पद्धत कॅराजीननच टोचून केली जाते.

रक्त गोठण्याच्या एपीटीटी चाचणीत मात्र शुद्ध अंशाने गोठायला लागणारा वेळ लक्षणीय वाढवला. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हीदेखील सल्फेटयुक्त शर्करा असल्याने हे अपेक्षित होते. तरी हा परिणाम सल्फेटमुळेच झाला हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून त्याच अंशातील सल्फेट रासायनिक रीतीने काढून टाकले आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच प्लाझ्मावर तपासले. सल्फेट काढलेल्या नमुन्याचा वेळ साध्या प्लाझ्माइतकाच आला. सल्फेट काढताना साखळीच तुटली असेल तर हा निष्कर्ष टिकत नाही, हे मार्गदर्शकांनी लगेच लक्षात आणून दिले, आणि दोन्ही नमुन्यांचा रेणुभार पुन्हा मोजून साखळी शाबूत असल्याची खात्री करण्यात आणखी पाच आठवडे गेले.