चपळ पायांचा अकिलीस बसलेला असतो तेव्हा

प्राचीन ग्रीक कवी होमर शिकताना मी पहिला सणसणीत मार खाल्ला तो एपिथेटवर, म्हणजे नावाला कायम चिकटलेल्या विशेषणावर. 'इलियड' या त्याच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस रुसून गलबतांपाशी बसलाय, आणि नेमका तिथेच होमर त्याला 'पोदास ओकुस', म्हणजे पायांनी चपळ, म्हणतो. मला वाटलं, घबाड सापडलं! उपरोधावर दोन पानं खरडली. सरांनी समासात एकच शब्द लिहिला : 'वृत्त?' म्हणजे, ओळीचा छंद मोजलास का?

दोष आपल्या कानांचाही आहे. अर्जुनाला इथे 'गुडाकेश'च का म्हटलं, यावर कीर्तनात बुवा अर्धा तास रंगतात. ते ऐकत वाढलेला माणूस प्रत्येक विशेषणात हेतू हुडकतो. होमरची ओळ सहा गणांची. शेवटचे दोनच गण भरायचे असतील तर 'दिओस अखिल्लेउस', थोडी जास्त जागा असेल तर 'पोदास ओकुस अखिल्लेउस', त्याहून मोठी असेल तर 'पोदार्केस दिओस अखिल्लेउस'. गाणाऱ्याच्या जिभेवर मापाप्रमाणे तयार असलेले हे तुकडे म्हणजे फॉर्म्युला. मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकाने १९२८ मध्ये हे पद्धतशीर दाखवलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले : सगळी विशेषणं भरताड! तेही चूक. तिसऱ्या सर्गात हेलन, जिच्यामुळे हे युद्ध पेटलं ती, ट्रॉयच्या तटावरून ग्रीक सैन्यात आपले भाऊ शोधते. ते केव्हाच मायदेशी 'जीवनदायी' मातीआड गेलेत. विशेषण साच्यातलं असेलही, पण तिथे ते टोचतंच. आधी ओळ मोजा, अर्थाचं नंतर बघू.

बाकीच्या संज्ञांना इतकं घाबरायचं कारण नाही. संस्कृत झालं असेल तर 'क्लेओस' जवळजवळ फुकटात मिळतो : तो 'श्रवस्'चा सख्खा भाऊ, लोकांच्या कानी पडणारी कीर्ती. नवव्या सर्गात अकिलीसपुढे हाच पेच आहे : अक्षय क्लेओस, की 'नोस्तोस', म्हणजे घरी परतणं. 'गेरास'ला मात्र नुसतं बक्षीस म्हणू नका. सैन्याने सर्वांसमक्ष दिलेला लुटीतला मानाचा वाटा तो. अकिलीसच्या वाट्याला आलेल्या बंदिवान ब्रिसेइसला सेनापती अगामेम्नॉनने नेलं म्हणजे हा मान काढून घेतला. ते भांडण फक्त बाईवरून झालं असं लिहिलंत, तर पहिला सर्ग हातचा गेला.

आणि त्या संज्ञांच्या विकतच्या याद्या फेकून द्या. त्यात 'हामार्तिया', म्हणजे नायकाला भोवणारी चूक, हमखास असतो. अ‍ॅरिस्टॉटल तो शब्द शोकांतिकेसंदर्भात वापरतो, आणि पोरं तो अकिलीसला चिकटवून मोकळी होतात. मीही चिकटवला होता.

त्यापेक्षा रोज दहा ओळी टेबलावर बोटं आपटत मोठ्याने म्हणा. मला पहिली ओळ न अडखळता म्हणायला तीन आठवडे लागले. तोवर ती माझ्या रूममेटला पाठ झाली होती, आणि तिचा विषय अकाउंटन्सी.