गेमिंग पीसी जुळवताय? मोठ्या आकड्यांना भुलून होणाऱ्या या चुका टाळा

दहावीच्या निकालानंतर शेजारच्या काकांनी मुलाला एका दुकानातून तयार 'गेमिंग पीसी' आणून दिला. जाहिरातीत लिहिलं होतं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा). दोन दिवसांत मुलगा माझ्याकडे आला. "दादा, गेम अडकत अडकत चालतोय. सेटिंग सगळी कमी केली तरी तेच."

कॅबिनेट उघडलं आणि वाईट वाटलं. प्रोसेसर आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा. रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०. जाहिरातीतला एकही आकडा खोटा नव्हता. त्या आकड्याला लागून जे सांगायला हवं होतं, तेवढं मात्र गाळलं होतं. काकांनी पैसे काटकसर करून जमवले होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

'आय७ आहे ना, मग झालं!'

नाही झालं. आय३, आय५, आय७ ही नुसती कुळं आहेत. पिढी कळते पुढच्या आकड्यांवरून. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१००एफलाही आय७-२६०० सारखेच ४ कोअर (काम करणारे गाभे) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, पण गेममध्ये तो जुन्या आय७ला खूप मागे टाकतो. जुन्या प्रोसेसरची अडचण नुसत्या वेगाची नाही. त्यात एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही, त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयी लागतात. त्या जुन्या बोर्डवर (मदरबोर्डवर) हे मिळणार कुठून?

नावाशेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नावात 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. मग 'जी'वाला जास्त चांगला असं वाटतं आणि लोक त्यावर वेगळं कार्डही घेतात. पण ५६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये १६ एमबी. कार्ड आत्ताच घेणार असाल तर साधा ५६०० घ्या. कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचं असेल तेव्हाच 'जी' घेण्यात अर्थ आहे.

कार्डाची मेमरी किती, यापेक्षा कसली

जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा. डीडीआर३ मेमरीचं ६४ बिटचं जीटी ७३० सेकंदाला सुमारे १४ जीबी डेटा हलवतं, १६५० सेकंदाला १२८ जीबी. मेमरीचा आकडा तोच, कामात जमीनअस्मानाचा फरक. जीटी ७१०, जीटी ७३० ही कार्डं ऑफिसच्या पीसीला डिस्प्ले देण्यासाठी ठीक. गेमिंगच्या नावाखाली कुणी ती देत असेल तर ते कोटेशन तिथेच परत करा.

दुसरा सापळा जरा खोल आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या) फक्त ४ लेन वापरतं. पीसीआयई ४.० च्या बोर्डवर ते चालून जातं. पण ए५२० बोर्डवर, किंवा रायझन ५ ५५०० सारख्या ३.० पर्यंतच जाणाऱ्या प्रोसेसरसोबत त्याचा श्वास कोंडतो, आणि नेमकी हीच जोडी स्वस्त कोटेशनमध्ये सापडते. थोडे थांबून, थोडे साठवून ८ जीबीचं आरएक्स ६६०० घ्यावं असं माझं ठाम मत आहे. १०८०पी मॉनिटरसाठी ते पुरतं.

वापरलेलं कार्ड घ्यायला हरकत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगची कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातली कित्येक चांगली निघतात. पण विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून बघा. पंखे घरघरतात का, चित्रात ठिपके येतात का, सीरियल नंबरचं स्टिकर शाबूत आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

एसएमपीएस: सगळ्यात महागात पडणारी काटकसर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, बजेट ताणलं गेलं की पहिली कात्री एसएमपीएसला लागते. 'कॅबिनेटसोबत येतोच की, ५०० वॅटचा आहे.' तो डबा फिरवून त्यावरचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही चालतात १२ व्होल्टवर. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. खोक्यावर ५०० लिहिलं असलं तरी तुमच्या कामाचे १९२ च. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅटचं आहे. त्यात प्रोसेसरचे ६५-७५ मिळवा, वर पंखे आणि डिस्क. गणित तिथेच फसतं.

याचं लक्षण अगदी ठरलेलं: डेस्कटॉपवर तासन्‌तास सगळं सुरळीत आणि गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की पीसी एकदम बंद किंवा रीस्टार्ट. लोक विंडोज पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, रॅमवर संशय घेतात. आधी एसएमपीएस बघा. असल्या स्वस्त डब्यात संरक्षणाची सर्किटं नसली तर तो जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. या दर्जाच्या पीसीला नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ७५० वॅटची गरज नाही.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेक यूपीएस त्यावर ३६० वॅटच देतात. गेम चालू असताना वीज गेली आणि मॉनिटरसकट सगळा भार त्यावर आला की तो किंचाळून बंद पडू शकतो. आणखी एक: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो, पण आत अर्थची तार जोडलेलीच नसते. यात दिरंगाई करू नका.

बोर्ड आणि रॅम

बारावी पिढीच्या इंटेलसाठी डीडीआर४ चेही बोर्ड आहेत आणि डीडीआर५ चेही. दोन्ही रॅमच्या पट्टीवरची (स्टिकवरची) खाच वेगळ्या जागी असते, एका प्रकारची स्टिक दुसऱ्या प्रकारच्या बोर्डात बसत नाही. ऑनलाइन वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवताना ही चूक हमखास होते. एएमडीच्या जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० चालवायचा तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट असावा लागतो. दुकानातूनच करून घ्या, नाहीतर घरी काळा पडदा बघत बसाल.

१६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. रॅमकडे जाणारे दोन रस्ते (चॅनल) मिळाले की गेम कमी अडखळतो, आणि 'जी'वाल्या प्रोसेसरला तर हे जीवनावश्यक. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा.

सगळं जोडलं, तरी काहीतरी बिनसलंय

डिस्प्ले येत नसेल तर सगळ्यात आधी केबल बघा. एचडीएमआय बोर्डाला लावली आहे की कार्डाला? 'एफ'वाल्या प्रोसेसरवर बोर्डाच्या पोर्टमधून काहीच येणार नाही. चित्र येतंय पण गेम कूर्मगतीने चालतोय, तरी कारण हेच असू शकतं: 'जी'वाल्या पीसीत केबल बोर्डाला राहिली की कार्ड नुसतं बसून राहतं.

मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिन वायर तपासा. २४ पिनची मोठी वायर सगळ्यांना दिसते, ही राहून जाते. रॅम काढून एकच स्टिक टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहील तिथे घोटाळा.

पीसी चालू झाला की टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. कित्येकदा तो ६० वरच चालत असतो आणि पैसे भरूनही फरक दिसत नाही. दहा मिनिटांत गेम मंदावत असेल तर तापमान बघा. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिलेली मी स्वतः पाहिली आहे. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच ४० अंशांवर असते, तिथे समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचं घ्या, मग ते दिसायला साधं का असेना.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

शेजारच्या मुलाच्या पीसीतलं कॅबिनेट आणि एसएसडी आम्ही ठेवली. काकांना हिशेब कागदावर मांडून दाखवला आणि आधी एसएमपीएस घेतला. पुढच्या महिन्यात आय३-१२१००एफ, डीडीआर४ चा एच६१० बोर्ड आणि ८-८ ची रॅम आली. कार्डासाठी अजून थोडे पैसे कमी होते, तेवढ्यात दिवाळी आली.